शेवटच्या दिवसाचा शिक्का

"मास्तर, तुमचं हे पोस्ट बंद कधी होणार?" मी भलत्याच हौसेनं विचारलं. खेड्यांतल्या जुन्या पोस्टांचे शिक्के मी जमवतो. शेवटच्या दिवसाचा शिक्का म्हणजे आम्हा छंदिष्टांना लॉटरीच!

नेरजवळचा हा पोस्टमास्तर स्वतःच्या ओसरीवरच पोस्ट चालवतो. मी नेहमी जातो. आंघोळीशिवाय तो शिक्क्यातली तारीख बदलत नाही. पहिला ठसा स्वतःच्या तळहातावर उमटवतो, मगच माझ्या कार्डावर.

आज तो तळहाताकडे बघतच राहिला. मग म्हणाला, "वरून कागद आला का पयले तुमालेच फोन करतो भाऊ. च्या घ्या न, थंडा होऊन राह्यला."

मी खाली मान घालून चहा संपवला.

गाडीत बसल्यावर, सोबत आलेली बायको म्हणाली, "अहो, ज्याच्या घरी चहा प्यायचा, त्यालाच घरातलं माणूस कधी जाणार म्हणून विचारता?"