सातवं यंत्र उत्तर देत नाही

रंगाईच्या कारखान्यात ताई आली तेव्हा कुणी तिला खुर्चीही सरकवून दिली नाही. कापड रंगवणारी यंत्रं नेटवर्कला जोडायची, त्यांचं तापमान, पाणी, चालू-बंद सगळं ऑफिसातल्या पडद्यावर दाखवायचं, हे तिचं काम. कुठल्याही कारखान्यात गेली तरी लोक तिला मालकाची हेरच समजायचे. तिला त्याची सवय झाली होती, पण आवडलं कधीच नव्हतं.

सातव्या यंत्रावर एक वयस्क कारागीर होते. सगळे त्यांना मामा म्हणत. ताई पॅनेल उघडून तारा जोडत होती, तेव्हा ते मागे येऊन उभे राहिले.

"याने काय होणार?"

"प्रत्येक यंत्राला नंबर दिलाय, मामा. सॉफ्टवेअर त्या नंबराला विचारतं, तापमान किती? यंत्र सांगतं. मॉडबस म्हणतात याला. विचारल्याशिवाय यंत्र तोंड उघडत नाही."

"विचारतं ते कळलं. वाचतं कोण?"

"मॅनेजर."

"हं," म्हणून मामा वळले.

दुसऱ्या दिवसापासून सातवं यंत्र मधेच गप्प होऊ लागलं. पडद्यावर 'उत्तर नाही' असं यायचं आणि थोड्या वेळाने पुन्हा आकडे सुरू. ताईने केबल बदलली, दोन यंत्रांना एकच नंबर पडलाय का तेही पाहिलं. सगळं ठीक होतं.

"म्हातारा काड्या करतोय," मॅनेजर म्हणाला. "पुरावा आणा."

संशय तिलाही होताच. सहाव्या यंत्रापाशी उगाच खुडबुड करत तिने नजर ठेवली. रंगवलेल्या कापडाचा एक घाणा उतरवून झाल्यावर मामांनी इकडेतिकडे पाहिलं, पॅनेलमधली केबल ओढली आणि पिंपावर बसून गुडघा चोळू लागले.

ती जवळ गेली. "मामा, केबल का काढता?"

त्यांनी नाकारलं नाही. "गुडघा धरतो. जरा बसलो की यंत्र थांबलेलं दिसणार. मग म्हणतील, याला घरी पाठवा. माझी शंका खोटी आहे का?"

कोणाच्या हाताखाली यंत्र किती वेळ थांबलं, हे नावानिशी दाखवणारं वेगळं पान मॅनेजरने मागितलं होतं. तिने ते बनवून ठेवलं होतं आणि कुणाला कळू दिलं नव्हतं.

"खोटी नाही," ती म्हणाली. "तसं पान मीच केलंय."

मामा तिला निरखत राहिले. "आणि हे मला सांगून तुला काय मिळणार?"

ती तशीच ऑफिसात गेली आणि झालं ते सांगून टाकलं. "ते पान असंच लपवून चालवलंत, तर उद्या सगळीच यंत्रं गप्प होतील," ती म्हणाली.

मॅनेजरने डोळे बारीक केले. "तुम्हाला फितवलं की काय त्यांनी?"

बरीच हुज्जत झाली. शेवटी त्या पानावरची नावं गेली, आणि ऑफिसात दिसणारे तेच आकडे दाखवणारा एक पडदा कारागिरांसमोर भिंतीवर लागला. सातवं यंत्र नीट उत्तरं देऊ लागलं. मामांना बसायला स्टूलही मिळालं.

मालकाच्या दुसऱ्या कारखान्यात यंत्रं जोडायचं काम मात्र मॅनेजरने ताईला न देता भलत्याच कुणाला दिलं. तिथल्या पडद्यावर कारागिरांची नावं दिसतात का, हे तिने दोनतीनदा विचारून पाहिलं. कुणी सरळ सांगितलं नाही.