दोन वाट्या बर्फ

अक्काचा फोन आला तेव्हा मी जळगावला ऑफिसात होतो. "भाऊ, नाना गयात रे..." मग म्हणाली, "उद्याना बर्फ लायेल शे. डाक्टरीनबाईले कोन सांगी?" हृदय बंद पडून माणूस केळीच्या बागेत कोसळला होता आणि माझ्या बहिणीला बर्फाची काळजी पडली होती. ऐकणाऱ्याला ते विचित्र वाटेल. मला वाटलं नाही.

नाना म्हणजे माझे मेहुणे, अक्काचे यजमान. शिरपूरजवळच्या गावात त्यांची केळी. लघवीतून रक्त गेलं म्हणून धुळ्याला दाखवलं, तर मूत्राशयात कर्करोगाची छोटी गाठ निघाली. ती काढली, पण हा आजार परत येतो, म्हणून ठरावीक काळाने लघवीच्या वाटेने नळीतून दुर्बीण घालून तपासणं आलं. त्या नळीच्या नावानेच नानांना घाम फुटे. तिथेच एक तरुण डॉक्टर लघवीच्या एका चाचणीवर संशोधन करत होत्या. त्यांनी आम्हा दोघांना बसवून समजावलं. एका पेशीच्या दोन होत जातात तशी तिच्यातल्या गुणसूत्रांच्या धाग्यांची टोकं झिजतात आणि शेवटी ती थांबते, मरते. कर्करोगाच्या पेशीत मात्र टेलोमरेज नावाचं द्रव्य ती टोकं भरून काढत राहतं. लघवीत ते काम करताना सापडलं, तर रोगाचा संशय घ्यायचा. नाना म्हणाले, "म्हंजे तिले मरानाच इसर पडना." डॉक्टर हसल्या. म्हणाल्या, "नाना, इतकं सोपं मलाही सांगता येत नाही."

चाचणी भरवशाची ठरली तर पुढे कित्येकांची नळी टळेल, हे ऐकून नाना लगेच नमुना द्यायला तयार झाले. अडचण वेगळीच होती. दवाखान्यात, दाराबाहेर माणसं उभी असली की त्यांना होतच नसे. मग घरून आणायचं ठरलं. पण उष्णतेने ते द्रव्य निकामी होतं. म्हणून आदल्या दिवशी फ्रीजमध्ये स्टीलच्या दोन वाट्यांत बर्फ लावायचा, सकाळी तो रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये भरून मधे नमुन्याची बाटली ठेवायची, आणि थर्मास मांडीवर घेऊन पहिली बस. एकदा मी सोबत होतो. कंडक्टरने विचारलं, "नाना, चहा शे का?" नाना म्हणाले, "शे ना, पन तुले पचाव नही!"

...आणि मग एकदा चाचणीने रोग असल्याचं दाखवलं. दुर्बिणीत काहीच नव्हतं. डॉक्टर म्हणाल्या, जंतुसंसर्गानेही चाचणी फसू शकते. किंवा डोळ्याला दिसण्याआधीच तिने ओळखलं असेल. दुर्बीण लवकर-लवकर करत राहू, कळेल. परतताना आम्ही बसस्टँडवर आलो. नाना म्हणाले, "तू हिशोबना मानूस, तू सांग. टेस्ट खरी निंघनी ते मनं संपनं. खोटी निंघनी ते मांगून येनारसले परत नळीच. देवले काय मांगू?" मी हिशेब तपासण्याचं काम करतो, म्हणून त्यांनी मला विचारलं. नानांनी देवाकडे काय मागितलं ते मला ठाऊक नाही. पण त्यानंतर ते नळीला एकदाही नाही म्हणाले नाहीत. दोनदा दुर्बीण झाली, दोन्ही वेळा स्वच्छ. तिसरी व्हायच्या आदल्या दिवशी ते गेले.

डॉक्टरांना फोन मीच केला. मी विचारलं, चाचणी खरी होती की खोटी? "आता नाही सांगता येणार," त्या म्हणाल्या. "नानांना ना बरोबरमध्ये धरता येईल, ना चूकमध्ये." त्या माणसाने इतके महिने स्वतःच्या मरणाची भीती सोसली, ती या एका उत्तरासाठी. माझ्या मनातून ते जात नाही.

परवा अक्काकडे गेलो होतो. ऊन कडक. सून सरबतासाठी फ्रीजमधून वाटी काढायला गेली, तर अक्का म्हणाली, "राहू दे. ते नानानं शे." तिकडे लाइट रोज जाते. बर्फ वितळतो, लाइट आली की पुन्हा धरतो, दरवेळी जरा कमी होतो. मी जायला निघालो तेव्हा अक्का फ्रीज उघडून उभी होती. तिने तांब्यातून दोन्ही वाट्यांत घोट-घोट पाणी घातलं, काठापर्यंत, आणि दार लावलं.