न्हाय

लोकांच्या ढोंगावर मी आयुष्यभर बोलत आलो. या एका गोष्टीबद्दल मात्र तोंड कधी उघडलं नाही, घरातसुद्धा नाही.

निजामी जाऊन आठ-दहा वर्षं झाली असतील. तुळजापुरात गाण्याची स्पर्धा भरली. जो पहिला येईल, त्याला रेडिओवर गायला पाठवणार होते. शेवटच्या फेरीत दोघंच उरलो — मी, शाळामास्तर, आणि जात्यावरच्या ओव्या गाणारी ईट गावची सोनाबाई. गाण्यांआधी अध्यक्षांचं भाषण झालं, आम्हा दोघांच्या गाण्यांहून लांब. 'शुद्ध मराठी' हे शब्द त्यांनी इतक्यांदा घोळवले, की मला हसू आवरेना. हसलो होतो मी — हे ध्यानात ठेवा.

पडद्यामागं सोनाबाई जवळ आली. "गुर्जी, तुमी शिकल्याले. म्या 'न्हाय' म्हनलं तर रेडिओवाले हसतील का वो?"

तिची ओवी होती, 'वाट माहेराची सरायाची न्हाय'. प्रत्येक ओवीच्या शेवटी तो 'न्हाय' जात्याच्या खुंट्यासारखा ठोकून बसवलेला. खुंटाच उपटला तर जातं फिरेल कसं? मला कळत नव्हतं? ठेका मला चांगला कळतो. म्हणून तर —

"नाही म्हणा," मी सांगितलं. "शुद्ध पाहिजे."

एवढंच. आणि सांगणारा कोण? उर्दू शाळेत शिकलेला, आणि ज्याच्या आईनं जन्मभर 'न्हाय'च म्हटलं, असा मी.

ती उभी राहिली. पहिल्याच ओवीत 'नाही' ठेक्याबाहेर सांडलं. दुसरीला 'न्हा' म्हणून थबकली, माझ्याकडं पाहिलं, दुरुस्त केलं. तिसरी तिला आठवलीच नाही. लोक हसले. मी मान हलवली — हळहळल्यासारखी.

रेडिओवर मी गायलो.

वर्षभरानं ती देवळाच्या वाटेवर भेटली, देवीला आली होती. बरोबर सून. मी विचारलं, गाता का अजून?

"न्हाय गुर्जी. माज्या जिभंला वळनच न्हाय." मग सुनेला म्हणाली, "पाया पड यांच्या. येळंवर सांगितलं यांनी, पर मलाच जमलं न्हाय."

सून वाकली. मी पाय मागं घेतले नाहीत.