पाय मोडलेला त

सात रस्त्याजवळच्या एका फ्लेक्सच्या दुकानात मी मजकूर जुळवायचं काम करतो. वाढदिवस, निवड, श्रद्धांजली. साचा तोच, फोटो बदलायचा. माझा एक मित्र कपड्यांवर छपाई करायचा. घरी तेलुगू बोलणारा. वडिलांचे माग भंगारात गेल्यावर रिकाम्या पडलेल्या शेडमध्ये त्यानं छपाईचं टेबल टाकलं होतं. दोघांनाही अक्षरांचं वेड. एखाद्या पाटीवरचा 'ळ' चांगला जमलेला दिसला की तो भर रस्त्यात गाडी थांबवायचा आणि मागचे शिव्या द्यायचे.

एका रविवारी शेडमध्ये बसून आम्ही टी-शर्टसाठी गमती काढल्या. एकावर भला मोठा 'त्' आणि खाली, 'पाय मोडलाय, पण उभा हाय'. दुसऱ्यावर शाळेतला पोटफोड्या 'ष': 'जरा जास्तच जेवलो'. तिसऱ्यावर रफार: 'डोक्यावर बसायची सवयच हाय'. हसून हसून आमची पोटं दुखली. काय झालं म्हणून त्याची आई बाहेर आली. त्यानं तिला तेलुगूत समजावून सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि 'जेवायला चला' म्हणाली.

"भाषा बदलली की विनोद मेलाच बघ," तो म्हणाला. तेव्हा तेही आम्हाला विनोदीच वाटलं.

प्रत्येक अक्षर मी हातानं काढलं, मग कॉम्प्युटरवर घेतलं. कापड त्यानं चांगलं आणलं. एका हॉलमध्ये प्रदर्शन होतं, तिथं आम्ही टेबल लावलं. एक बाई मुलासाठी माप बघत होत्या. खालची ओळ वाचली आणि शर्ट घडी न घालताच टाकला.

"पाय मोडलाय म्हणून काय लिहितात हो? लेकराच्या अंगावर असलं अभद्र!"

"अहो मावशी, तो अक्षराचा पाय आहे," मी म्हणालो.

"कुणाचा का असंना."

दुसरा एक जण 'ष' कडं बराच वेळ बघत उभा राहिला. आम्ही आशेनं त्याच्याकडं बघत राहिलो. शेवटी त्यानं विचारलं, "ह्येच्यात इंग्लिशमधलं न्हाय का काय?"

दुपारी एक म्हातारे गृहस्थ आले. पूर्वी छापखान्यात मुद्रितं तपासायचे, म्हणाले. तिन्ही शर्ट वाचून ते इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मित्रानं लगेच त्यांच्या मापाचा शर्ट काढला. त्यांनी हात वर केला. "मी घालून कुणाला दाखवू? घरात मराठी वाचणारं आता कुणी नाही." आमच्या पाठीवरून हात फिरवून ते गेले. त्यानंतर मित्रानं शर्ट घड्या घालून खोक्यात भरायला घेतले.

शर्ट शेडमध्ये पडून राहिले. मग एका पुढाऱ्याच्या वाढदिवसासाठी कार्यकर्त्यांना शर्ट हवेत म्हणून एक जण आला. घाई होती, नवा माल यायला वेळ नव्हता. "हेच द्या की. मागं सायबांचा फोटो टाका, पुढचं कोण वाचतंय?" त्यानं लिहून आणलेल्या मजकुरात 'हार्दीक' होतं. वेलांटी पहिली पाहिजे, मी म्हणालो.

"चालतंय की वो, लई बारीक बगताय तुमी."

मी मित्राकडं बघितलं. त्यानं मान खाली घालून शाई ढवळायला घेतली. "छापू दे," तो म्हणाला. "काय फरक पडतोय?"

मिरवणुकीच्या दिवशी मी मुद्दाम सात रस्त्यावर जाऊन उभा राहिलो. आमचे शर्ट नाचत होते. पुढून 'त्', मागून साहेब. एकानं घामानं भिजलेला शर्ट काढून गाडीची सीट पुसली आणि पुन्हा अंगात घातला.

पुढं मित्रानं टेबल विकलं आणि पुण्याला कुरिअरच्या गोदामात लागला. अधूनमधून फोन करतो. खोली, पाणी, आईची शुगर, एवढंच बोलतो.

मी अजून दुकानातच आहे. परवा एकानं श्रद्धांजलीचा मजकूर आणला. त्यात गेलेल्या माणसाचं नावच चुकलं होतं. फोटोखालचं वेगळं, वरचं वेगळं. विचारावं असं वाटलंसुद्धा नाही. आलं तसं लावलं आणि मशीन सुरू केलं.