अंगठ्याखालचा ण

डांबरगोळ्यांचा वास आला की माझा उजवा अंगठा आपोआप आखडतो. काही वर्षांपूर्वी मेढ्याकडच्या एका गावात मी मोडी कागद वाचायला गेले होते. पूर्वजाच्या नावापुढे ‘कुणबी’ सापडलं की नातवाचा जातीचा दाखला निघणार होता, म्हणून त्या घरच्या, फौजेतून निवृत्त झालेल्या आजोबांनी जुनी ट्रंक उघडली आणि तो वास सोपाभर पसरला. भावकी दाटीनं बसली होती. कागद निघाला तो एका बड्या घरच्या नोकरमाणसांवर बसवलेल्या करपट्टीची यादी. त्यात पूर्वजाचं नाव होतं, आणि पुढे ‘आई कुणबीण’. कुणबीण म्हणजे विकत घेतलेली, घरात राबणारी बाई. नातू फोटो काढायला मोबाईल घेऊन वाकला, तसा मी शेवटच्या ‘ण’वर अंगठा दाबला. “कुणबीच हाय न्हवं?” मागून कुणीतरी ओरडलं. हो म्हणावं, तर लिप्यंतराखाली सही माझी होणार होती. आजोबा माझ्या अंगठ्याकडे बघत होते. “आवं बाई, अंगठा उचला,” ते हळूच म्हणाले, “आसंल ते वाचा.” मी वाचलं. भावकीतले दोघं-तिघं तडक उठून गेले. आजोबा मात्र हलले नाहीत. “नाव काय हुतं तिचं?” त्यांनी विचारलं. मी ओळ पुन्हापुन्हा पाहिली. कराचा आकडा होता, नाव नव्हतं. तेव्हापासून कागद वाचताना मी दोन्ही हात मांडीवरच ठेवते.