फोटोतले चौदा जण

“बाप का नाम बोलो, बाकी मैं देखतूं.”

आमच्या कचेरीत वारसाचा जुना कागद शोधायला कुणीही आलं, की चाचांचं हेच वाक्य. निजामाच्या काळातली दप्तरं उर्दूत, आणि ती वाचणारे आमच्याकडे चाचा एकटेच उरले होते. चष्मा कपाळावर सारायचा, बोटाला थुंकी लावायची आणि तासाभरात समोरच्याच्या पणजोबाला शोधून काढायचं. वेरूळकडचा एक म्हातारा म्हणाला, “लई उपकार झाले चाचा. बा भेटल्यावानी वाटलं.” चाचांनी त्याला चहा पाजला, पण मग दिवसभर ते कुणाशी बोलले नाहीत.

त्याचं कारण मला पुढे कळलं. त्यांचे वडील हैदराबादच्या एका महालात दिवाबत्तीला होते. पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत ते कामावर गेले, ते परतलेच नाहीत. चार वर्षांच्या चाचांना घेऊन आई इकडे, आमच्या गावातल्या छावणी भागात माहेरी आली. घरात वडिलांचा एकही फोटो नव्हता आणि चेहरा चाचांना आठवत नव्हता. त्या महालाचं आता म्युझियम झालंय, तिथं नोकरांचा एक फोटो लावलाय, असं कुणीतरी सांगितल्यापासून त्यांना दुसरं काही सुचेना.

कचेरीच्या कामानं आम्ही दोघं हैदराबादला गेलो, तेव्हा ते नवा शर्ट घालूनच गाडीत बसले. महालात मी झुंबरं, तलवारी बघत रेंगाळत होतो. चाचा कशाकडेच बघत नव्हते.

तुम्ही कधी गेलात, तर शेवटच्या दालनापर्यंत जा. फोटो तिथं आहे. पुढे नवाबसाहेब, पायाशी कुत्रा, मागे चौदा नोकर, सगळ्यांच्या पगड्या आणि दाढ्या एकसारख्या. खाली नवाबसाहेबांचं नाव आहे, कुत्र्याचंही आहे. मागच्या रांगेला नुसतं ‘नोकरवर्ग’.

चाचा एकेक चेहरा बघत बराच वेळ उभे राहिले.

“कोणते?” मी विचारलं.

“डावीकडून तिसरे,” ते म्हणाले. “नाक बघा ना, माझ्यासारखंच.”

मला काही तसं दिसलं नाही. मी हो म्हणालो.

परतल्यावर त्यांच्या घरी गेलो. आईची नजर तेव्हा पुरती गेली होती. तिनं विचारलं, “दिखे क्या रे? ऊँचे थे ना?”

“हौ अम्मी, सबसे ऊँचे. दाएँ से दूसरे.”

मला त्यांनी डावीकडचे दाखवले होते. म्हातारी समाधानानं हसली. चाचांनी माझ्याकडे बघितलं नाही, मीही खाली मान घालून चहा पीत राहिलो.

चाचा जाऊन आता सहा वर्षं झाली. गेल्या उन्हाळ्यात लेकीकडे हैदराबादला गेलो होतो, तेव्हा एकटाच त्या महालात जाऊन आलो. त्यांचे वडील कोणते, ते मलाही कळलं नाही. म्हणून डावीकडून सुरुवात केली आणि चौदाही जणांना एकेक करून सलाम केला.