ताईची साक्ष

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही. योहान्नेस तेव्हा माझा नवरा होता, त्याला नाही. आणि ज्यांना सांगणं माझं कामच होतं, त्या चार न्यायाधीशांना तर नाहीच.

मराठीत लिहितेय, त्यातही एक लबाडी आहे. ती आधीच सांगून टाकते. माझं सगळं आयुष्य ज्या लोकांत गेलं त्यांतल्या एकालाही मराठी वाचता येत नाही. तुम्हाला येतं, पण तुम्ही मला ओळखत नाही. म्हणजे कबुली द्यायलासुद्धा मी सुरक्षित जागा शोधली. आमच्या धंद्यातली माणसं मेल्यावरही पळवाट बघून ठेवत असतील.

माझा जन्म ब्राउनश्वाइगचा. बाबा सांगलीहून इथे इंजिनियरिंग शिकायला आले आणि राहिले. आईने घरात मराठी सोडली नाही. मी जर्मनमध्ये उत्तर दिलं की तिला ऐकूच यायचं नाही, असा तिचा नियम होता. मी कायदा शिकले. त्यातही निवडलं काय, तर युद्धातले गुन्हे — कत्तली, छळछावण्या आणि त्यांचे खटले. गाड्यांच्या देशात राहून पोरीने हे कुठलं खूळ काढलं, असं बाबा प्रत्येक पाहुण्याला विचारायचे. पण माझं पुस्तक आलं, मी प्रोफेसर झाले, तेव्हा तेच पुस्तक त्यांनी टीव्हीच्या शेजारी उभं करून ठेवलं. जर्मनच होतं, वाचता आलं असतं. वाचलं नाही.

त्या पुस्तकाचं सांगायला हवं. त्यात मी एवढंच म्हटलं होतं, की अशा अत्याचारातून वाचलेला माणूस कोर्टात येतो तेव्हा त्याला शिक्षेच्याही आधी एक गोष्ट हवी असते: कुणीतरी आपलं नीट ऐकावं. बस. एवढ्यावर माझं नाव झालं. व्याख्यानं झाली, पारितोषिक मिळालं. तरुण न्यायाधीशांचे वर्ग मी घेऊ लागले — साक्षीदाराकडे कसं बघायचं, पेन कधी खाली ठेवायचं, मान किती हलवायची. हो, मान हलवायलाही शिकवायचे मी. लोका सांगे ब्रह्मज्ञान... पुढचं तुम्हाला पाठ आहे.

योहान्नेसला हे आधी कळलं होतं. जेवताना तो काही सांगायला लागला की मधेच थांबायचा आणि म्हणायचा, "हे बघ, तू ऐकत नाहीयेस. तू मान हलवतेयस." मी चिडायचे. तो गेला, त्याला आता बरीच वर्षं झाली. म्हणजे वारला नाही, नुसता गेला.

इथे प्रोफेसरला वरच्या कोर्टात अर्धवेळ न्यायाधीश म्हणूनही नेमतात. तशी माझी नेमणूक झाली आणि वर्षभरात तो खटला आला. दुसऱ्या देशातला एक लष्करी अधिकारी निर्वासित म्हणून जर्मनीत येऊन राहिला होता. त्याच्या तुकडीने एका गावात शिरून पुरुषांना गोळ्या घातल्या, असा आरोप. असे परदेशातले गुन्हे इथे चालवता येतात. देश कुठला, कोर्ट कुठलं, ते सांगत नाही, कारण मग साक्षीदार कोण तेही कळेल.

आणखी एक गोष्ट समजून घ्या, नाहीतर मी काय केलं ते कळणार नाही. आमच्या त्या खटल्यात साक्षीदार काय बोलला याची शब्दशः नोंद होत नव्हती. रेकॉर्डिंग नाही, लघुलेखक नाही. पाच न्यायाधीश ऐकायचे, आपापल्यापुरतं टिपायचे, आणि शेवटी निकालपत्रात लिहायचं की साक्षीदाराने असं असं सांगितलं. तिथे आलं ते तो बोलला. नाही आलं ते तो बोललाच नाही. अपिलातही साक्षी पुन्हा ऐकत नाहीत. आणि निकालाचा मसुदा लिहायचं काम माझ्याकडे होतं — माझ्याकडेच का, ते सांगायला नको. ऐकण्यात माझा हात कोण धरणार होतं?

ती साक्षीला आली तेव्हा हिवाळा होता. तिचं नाव लिहीत नाही. ताई म्हणते. तसं म्हणायचा मला हक्क नाही, पण ती कुणाचीतरी ताईच होती. धाकटा भाऊ त्या गावात मारला गेला, ती वाचली आणि फिरत फिरत या देशात येऊन पोचली. अंगाला न बसणारा, कुणीतरी दिलेला कोट घालून आली होती. शेजारी दुभाषी बाई.

अध्यक्षांनी तिला सांगितलं, न्यायाधीशांकडे बघून बोला. तिने पाचही चेहरे पाहिले. चार गोरे, एक माझा. आणि ती माझ्याकडे बघून बोलू लागली. का, हे मला तेव्हाच समजलं होतं. बरंही वाटलं होतं — खरं सांगायचं तर मिरवल्यासारखं वाटलं होतं.

त्या दिवशी सकाळी मला मंत्रालयातून फोन आला होता. आंतरराष्ट्रीय न्यायालयात न्यायाधीश म्हणून जर्मनीच्या वतीने माझं नाव पुढे करायचं ठरत होतं. अजून कुणाला बोलू नका, म्हणाले. मी कुणाला बोलले नाही. पण मनाला कोण गप्प बसवणार?

ताई बोलत होती. लष्कराच्या गाड्या आल्या इथपर्यंत माझ्याकडे सगळं टिपलेलं होतं. दारं फोडली, पुरुषांना बाहेर काढलं, हेही होतं. मग दुभाषी बाई एका शब्दासाठी अडल्या, जरा थांबल्या, आणि त्या थांबण्यात मी निसटले. कुठे गेले? सांगायची लाज वाटते. शपथविधीला जाऊन उभी राहिले. आईला कुठे बसवतील, भाषणात बाबांचं नाव घ्यावं का, आणि झग्याच्या आत आईची नारायणपेठ नेसले तर काठ दिसेल का. एक बाई आपल्या भावाचं मरण सांगत होती आणि मी साडीचे काठ बघत होते.

आणि माझी मान? ती आपलं काम चोख करत होती. डोळे तिच्यावर, पेन खाली, मान सावकाश खालीवर. माझ्या वर्गात मी हेच शिकवायचे. समोरच्याला काहीही कळलं नसतं. तिला तर नाहीच कळलं. ती आणखी पुढे वाकून, फक्त मलाच सांगत राहिली. मी परत आले तेव्हा ती पाणी पीत होती, दुभाषी बाईंचे डोळे लाल झाले होते आणि अध्यक्ष जेवणाची सुट्टी जाहीर करत होते. माझ्या कागदावर त्या भागाचं काही नव्हतं.

तेव्हा तरी बोलायचं होतं. जेवणानंतर तिला एक प्रश्न विचारला असता — भावाचं पुन्हा एकदा सांगाल का? कुणाला विचित्रसुद्धा वाटलं नसतं. नाही विचारलं. तिला पुन्हा त्रास नको, असं मी मनाशी म्हटलं. काय दयाळू बाई!

खटला लांबत गेला, साक्षीदार येत गेले. इथे मेलेल्यांच्या नातलगांनाही वकील असतो; शेवटच्या भाषणात ताईच्या वकिलांनी सांगितलं, भावाला गोळी घातली ते हिने स्वतः पाहिलंय. वकिलाचं बोलणं पुरावा नसतो. मग बंद दाराआड आम्ही पाचजण बसलो. तिथलं बाहेर बोलायचं नाही अशी शपथ असते. तीही आज मोडतेय. बाकीच्यांनी त्या भागाचं त्रोटक टिपलं होतं — भाऊ त्या दिवशी गेला, एवढंच. जेवणाआधीची वेळ, मधे कित्येक महिने गेलेले, आणि मसुदा तर मी लिहिणार होते. अध्यक्ष माझ्याकडे वळले. "फ्राऊ कोलेगिन," — सहकारी बाईला इथे असंच म्हणतात — "तुम्हीच सांगा. तुमच्याकडे बघूनच बोलत होती ना ती? पाहिलं म्हणाली, की नंतर कळलं म्हणाली?"

मला माहीत नाही. हे तीन शब्द पुरले असते. फार तर तिला पुन्हा बोलावलं असतं, आणखी एक दिवस गेला असता. पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला पटवत राहिले की तसं म्हटलं असतं तर खटलाच कोसळला असता. खोटं आहे ते. कोसळलं असतं ते माझं नाव. ऐकण्यावर पुस्तक लिहिणारी बाई, आणि हिला माहीत नाही?

मी म्हटलं, "नंतर कळलं. ऐकीव होतं."

का ऐकीवच? कारण शंका आली तर आरोपीच्या बाजूने झुकायचं, हा कायदा. ते सावधपणाचं उत्तर होतं, आणि सावधपणाला आमच्याकडे फार मान. "गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, असं अध्यक्ष म्हणाले, आणि मेलेल्यांच्या यादीतून भावाचं नाव वगळलं गेलं. शिक्षेत काडीचा फरक पडला नाही. बाकीच्या खुनांसाठी त्या माणसाला जन्मठेप झालीच. मी मसुद्यात लिहिलं की भावाच्या मृत्यूबद्दल साक्षीदाराला स्वतःची माहिती नव्हती. मी लिहिलं, म्हणजे तसंच झालं.

त्यानंतरचं माझं आयुष्य तुम्हाला कुणीही सांगेल. मी आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले. नारायणपेठ नेसले, काठ नाही दिसला. आई पुढच्या रांगेत रडत होती. मुदत पुरी करून परत आले, तोवर आई गेली होती. आता ब्राउनश्वाइगच्या फ्लॅटमध्ये एकटी असते. रविवारी सगळं बंद, जिन्यातही पाऊल वाजत नाही. कधी कधी वाटतं कुणाशी तरी बोलावं, आणि मग वाटतं, समोरचा नुसती मान हलवत असला तर? विद्यार्थी सणावाराला मेल पाठवतात. त्यांत असतं, मॅडम, ऐकायला तुम्ही शिकवलंत. मी धन्यवाद लिहून पाठवते. फार एकटं वाटतं, आणि त्याबद्दल तक्रार करायला मला तोंड नाही.

पण अजून सांगितलंच नाही. एवढा वेळ जे सांगत होते ते त्याच्या आधीचं. लक्ष उडालं, खोटं बोलले — ते वाईटच. पण मला जागं ठेवतं ते हे नाही.

निकालाच्या दिवशी ताई प्रेक्षकांत बसली होती. निकाल उभं राहून ऐकायचा, मग बसून कारणं ऐकायची. अध्यक्ष मेलेल्यांची नावं वाचत होते. प्रत्येक नावाला ती थोडी पुढे सरकायची, दुभाषी बाई कानात कुजबुजायच्या, आणि ती परत मागे टेकायची. यादी संपली. आणखी काही येईल म्हणून ती तशीच बसून राहिली. मी समोरचे कागद सारखे करत होते.

संध्याकाळी स्टेशनवर गेले तर माझी गाडी नेहमीप्रमाणे उशिरा. फलाटावर त्या दोघी. मला पाहून ताई सरळ माझ्याकडे आली, दुभाषी बाई मागे. भांडायला आली नव्हती. अगदी हळू आवाजात विचारलं — माझ्या भावाचं नाव का नाही आलं?

मी म्हटलं, तुम्ही ते स्वतः पाहिलं नव्हतं, असं तुमच्या साक्षीतून दिसलं.

ती म्हणाली, "पण त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मी सांगितलं ना. तुम्ही मान हलवत होतात."

हे जर्मनमध्ये सांगताना दुभाषी बाईंचा आवाज घसरला. त्यांना माहीत होतं. कोर्टातही हेच वाक्य त्यांनीच जर्मनमध्ये आणलं होतं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि मी गाडीच्या पाटीकडे.

आता तरी? तिथे कुणी नव्हतं. अध्यक्ष नाहीत, मंत्रालय नाही. तीन बायका आणि एक उशिरा येणारी गाडी. तिला खरं सांगायला मला कुणीही अडवलं नव्हतं.

ताईच म्हणाली, "मग मला नीट सांगता आलं नसेल. तिथे बोलायला लागले की माझं सगळं पुढचं मागे होतं. माझीच चूक."

आणि मी तिच्या दंडावर हात ठेवला. समजूतदार आवाजात म्हटलं, "होतं असं. एवढ्या दडपणाखाली कुणाचंही होतं. मनाला लावून घेऊ नका."

तिने माझे आभार मानले. दोन्ही हातांनी माझा हात धरून मानले.

ती याच देशात आहे. भावाचं नाव राहिलं ते आपल्याला बोलता आलं नाही म्हणून, असं समजून ती राहते. तिने सगळं नीट सांगितलं होतं. चूक तिची नव्हती, आणि हे तिला सांगू शकणारी मी होते — मी तिची समजूत घातली आणि गाडीत चढले.